दादाला कपाटात ठेवलं

“एकटंच बसतंय हो मॅडम. बाकीची पोरं निदान चौघं मिळून तरी खेळतात.”

सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार नेहमीची. मुलगा गेम खेळतो यापेक्षा एकटा खेळतो, हे आईवडिलांना जास्त खुपतं. ही आई मात्र उपाय करून आली होती आणि तो अंगाशी आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा अठरा वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. वडिलांचा हळदीचा व्यापार. पोरगा रोज जेवण झालं की ‘बाल्डर्स गेट ३’ घेऊन बसायचा. २०२३ साली आलेला, कथेवर चालणारा गेम. प्रौढांसाठीचा आहे, सातवीतल्या मुलाच्या हाती देऊ नका. पण तो विषय वेगळा. पुण्याच्या आतेभावानं सांगितलं, “मामी, यात चौघांना एकत्र खेळता येतं.” वडील म्हणाले, झालं तर मग, दोघं भाऊ खेळा. दादा त्याच्या चालू खेळातच सामील झाला. पंधरा दिवसांत बोलणं बंद. पोरानं लॅपटॉप उघडायचंही सोडलं, आणि नणंदेचा फोन आला तो वेगळाच.

खरं सांगते, आधी माझ्याकडे आले असते तर मीही हाच सल्ला दिला असता.

पहिली पंधरा मिनिटं तो पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखानं सोलत बसला. मग मी विचारलं, “गेममध्ये शेवटी काय झालं?” त्यावर वीस मिनिटं थांबला नाही.

रानातल्या एका वस्तीत शिंगं असलेले निर्वासित लपलेले असतात. गॉब्लिन नावाचे राक्षस त्यांच्यावर चालून येणार असतात. त्यांना वाचवायचं की गॉब्लिनांच्या बाजूनं जायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. यानं वाचवायचं ठरवलेलं. प्रत्येकाचं बोलणं तो पूर्ण ऐकायचा, कधी निर्णय दुसऱ्या दिवसावर ढकलायचा. दादा बटण दाबून संवाद पुढे ढकलायचा. एका रात्री हा तिथल्या एका पोराशी बोलत असताना दादानं पलीकडे दुकानदारावर तलवार चालवली. बघूया काय होतंय म्हणून. अख्खी वस्ती अंगावर आली.

“ज्यांना वाचवायला गेलो त्यांनाच मारायला लागलं, मॅडम.”

“मागचं सेव्ह लोड करून तिथनं पुन्हा खेळता येतं ना?”

बाहेरगावच्या भडंगाची कुणी तारीफ केल्यावर आम्ही बघतो, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. “येतं. पण झालेलं डोक्यातनं जात नाही.”

कॉलेज वडिलांनी ठरवलेलं, शाखा काकांनी. स्वतः ठरवायची त्याची एकच जागा होती, आणि तिथंही आपण सोबत म्हणून वाटेकरी बसवला. दादाचं काही चुकलं नव्हतं. तो मजा करायला आला होता, हा गोष्ट जगायला.

मग कथेच्या गेममध्ये मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायची सोय, घालूच नये का? लिहिणाऱ्यानं दुसऱ्या माणसाला सुरुवातीपासून जागा ठेवली असेल तर जरूर घालावं. ‘बाल्डर्स गेट’वाल्या कंपनीच्याच २०१४ च्या ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’मध्ये मुळातच दोन नायक आहेत. संवादात त्यांचं पटलं नाही की दगड-कागद-कात्री करून निकाल लावायचा. भांडणाचाच खेळ केला की! उलट २०१२ चा ‘मास इफेक्ट ३’. सुरुवातीला त्यात नुसती कथा खेळणाऱ्याची युद्धाची तयारी निम्मीच धरली जायची, वाढवायची तर ऑनलाइन सामने खेळा. कथेसाठी आलेले चिडले, ते बरोबरच. नाटकाला चौघं मिळून जावं. पण मधल्या प्रवेशात शेजारचा रंगमंचावर चढून नायिकेच्या बापाला हाणायला लागला, तर सांगलीकर खपवून घेतील का? (हे गेम मला त्यानंच सांगितले. मग मी वाचून खात्री केली.)

आईला मी चार गोष्टी विचारल्या. जेवतो का, कॉलेजला जातो का, मित्र आहेत का, झोपतो कधी? दोन मित्र होते, संध्याकाळी चहाला रोज भेटायचे. जेवण ठीक. झोप मात्र अडीचला. म्हणजे काळजी करायचीच तर झोपेची. या चारांतलं बिघडत चाललं तर या माझ्याकडे, मग पोरगं एकटं खेळत असो की चाळीस जणांत.

बारानंतर लॅपटॉप बंद, हे त्यानं स्वतः कबूल केलं. दादासाठी शनिवारी वेगळा खेळ सुरू करायचा, तिथं हवा तेवढा गोंधळ. स्वतःचा खेळ स्वतःचा. वडिलांना म्हटलं, कधीतरी शेजारी बसा, पण सूचना द्यायच्या नाहीत. दोन रात्री ते मोबाइलच बघत बसले. तिसऱ्या रात्री गेमकडे बघत हळूच म्हणाले, “ही बाई खोटं बोलतीया काय रे?”

महिन्यानं तो पुन्हा आला. हल्ल्याच्या आधीच्या सेव्हवर परतला होता. पण दादाचं पात्र त्यात अजून होतंच, बिनमालकाचं. ही पंचाईत बऱ्याच जणांची झालेली. म्हणून कंपनीनं २०२३ मध्येच एका अपडेटमध्ये सोडून गेलेल्या मित्रांची पात्रं ठेवायला एक कपाट दिलं होतं.

“मग?” मी विचारलं.

“दादाला कपाटात ठेवलं.”

दाराबाहेरून आईचा आवाज आला, “कुणाला?”