चार कार्डं एकदम काढू का, काका?

प्रश्न : नमस्कार काका, मी चिंचवडला राहते, वय २९, आयटीत आहे, हातात ६२ हजार येतात. पगाराच्या बँकेचं एक क्रेडिट कार्ड आहे, तीन वर्षं झाली, लिमिट ८० हजार. महिन्याला ४५-५० हजार त्याच्यावरच फिरतात (किराणा, लाइटबिल, पेट्रोल सगळंच), पण बिल दर महिन्याला पूर्ण भरते, एकदाही चुकवलेलं नाही. आता दिवाळीच्या सेलला एका साइटवर एका बँकेचं कार्ड चालतं, दुसरीवर दुसऱ्याच बँकेचं, आणि फ्रिज घ्यायचाय, नवऱ्याला फोन घ्यायचाय, म्हणून म्हटलं चार कार्डं काढूनच टाकावीत, सगळी लाइफटाइम फ्री आहेत. नवरा म्हणतो चारही अर्ज एकाच दिवशी कर म्हणजे ती एकच एन्क्वायरी (अर्ज आला की बँक आपली कर्जाची नोंद तपासते ती) धरतात, कुठल्यातरी व्हिडिओत बघितलंय त्याने. ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे सात कार्डं आहेत आणि तिचा क्रेडिट स्कोर माझ्यापेक्षा जास्त! हो, आणि एप्रिलच्या आसपास रावेतला फ्लॅट बुक करायचाय, दोघांच्या नावावर ४० लाखांचं लोन लागेल. काय करू?

उत्तर : अगं, सगळ्यात मोठी गोष्ट तू शेवटी "हो, आणि" म्हणून लिहिलीयस. फ्लॅटचं नसतं तर मी म्हटलं असतं दोन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक काढ, काही बिघडत नाही. पण एप्रिलला लोन आहे ना, मग आत्ता चार नकोतच.

आधी नवऱ्याचा व्हिडिओ. ते अमेरिकेचं आहे, आणि तेही अर्धवट. तिकडे घराच्या किंवा गाडीच्या लोनसाठी थोड्या दिवसांत चार बँकांत चौकशी केली तर स्कोर काढताना ती एकच धरतात, कार्डांना ती सवलत तिथेही नाही. आपल्याकडे सिबिलचा (कोणाची किती कर्जं-कार्डं, वेळेवर फेडली का, याची नोंद ठेवून स्कोर देणारी कंपनी) रिपोर्ट उघडून बघ, शेवटी एन्क्वायरीचा तक्ता असतो, कुठल्या बँकेने, कुठल्या तारखेला, कशासाठी, किती रकमेसाठी, प्रत्येकीची वेगळी ओळ. चार अर्ज म्हणजे चार ओळी. एकाच तारखेच्या असल्या तर लोनवाल्या ऑफिसरला उलट जास्तच दिसतात, त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येणार की या बाईंना एकदम एवढे पैसे कशाला लागले. तुला फ्रिज घ्यायचा होता हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं. आणि लोन जोडीने आहे म्हणजे त्याचाही रिपोर्ट काढणार, तेव्हा "माझ्या नावावर नको तर तुझ्या नावावर काढू" ही आयडियासुद्धा एप्रिलपर्यंत बाजूला ठेवा.

एकेका एन्क्वायरीने स्कोर फार पडत नाही, पण बऱ्याच बँका घराच्या लोनचा दर स्कोरच्या टप्प्यांवर ठरवतात आणि टप्प्याच्या काठावर असलीस तर थोडंही पुरतं. हिशोब करून बघ, ४० लाख, २० वर्षं, ८.५ टक्क्याने हप्ता ३४,७०० च्या आसपास येतो, ८.७५ ने ३५,३५० च्या आसपास. पाव टक्का दिसायला काहीच नाही पण दर तसाच राहिला तर २० वर्षांत दीड लाखाच्या वर जातात. आणि सेलमध्ये मिळणार किती? दहा टक्के लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात "जास्तीत जास्त १५०० रुपये" असलं काहीतरी. ती बारीक अक्षरं आधी वाच.

आता मैत्रिणीच्या सात कार्डांचं. तिचा स्कोर जास्त असेल त्यात नवल नाही. सात कार्डांचं मिळून लिमिट समजा सात लाख असेल आणि ती ५० हजार वापरत असेल, तर वापर सात टक्के. तू तेवढेच ५० हजार वापरतेस पण ८० हजारांतून, म्हणजे साठ टक्क्यांच्या वर. तीसच्या आत असलेला बरा. बिल पूर्ण भरतेस हे उत्तमच, पण ब्युरोकडे, म्हणजे सिबिलसारख्या कंपन्यांकडे, साधारण स्टेटमेंटला जी रक्कम दिसते ती जाते, नंतर तू भरलेस की नाही ते पुढच्या खेपेला कळतं. म्हणजे तुझा खरा प्रश्न कार्डं कमी असण्याचा नाहीच, आहे त्याचं लिमिट कमी पडतंय. तीन वर्षांचा स्वच्छ रेकॉर्ड आहे, बँकेला लिमिट वाढवून माग, दीड-दोन लाख करून देतीलही (विचारून घे की त्यासाठी नवी एन्क्वायरी टाकणार का). आणि तोपर्यंत स्टेटमेंट निघायच्या दोन-तीन दिवस आधी तीसेक हजार भरून टाकत जा, एवढं केलंस तरी स्कोर बहुतेक सुधारेल. फुकट उपाय आहे म्हणून कोणी सांगत नाही बहुतेक.

लाइफटाइम फ्रीबद्दल माझीच गोष्ट सांगतो. माझ्याकडे एकेकाळी पाच कार्डं होती, त्यातलं एक पहिलं वर्ष फ्री होतं आणि मी आजन्म फ्री समजून ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. दुसऱ्या वर्षी ५०० फी आणि १८ टक्के जीएसटी, ५९० रुपयांचं बिल आलं, ते गेलं जुन्या मोबाईल नंबरवर. वर लेट फी, व्याज, पुन्हा त्यावर जीएसटी. मला कळलं तेव्हा रिपोर्टमध्ये थकीत दिवस लागलेले होते, आणि ते ३६ महिन्यांचे दिसतात. ५९० रुपयांपायी तीन वर्षं बँकेत तोंड लपवावं लागलं. चार कार्डं म्हणजे चार स्टेटमेंटच्या तारखा, चार शेवटच्या तारखा, चार ॲप... तुझा ऑटो-पे लावायचा स्वभाव असेल तर ठीक.

आणि एखाद्या महिन्यात भरायला जमलं नाही तर काय होतं तेही बघून ठेव. ३० हजारांचा फोन, किमान रक्कम पाच टक्के म्हणजे १५०० भरलेस. महिन्याला पावणेचार टक्क्याने व्याज ११२५, त्यावर जीएसटी २०० च्या आसपास, म्हणजे १५०० मधले १३२५ असेच गेले, फोनचे पावणेदोनशेच फिटले. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, भाजी घेतलीस तरी त्याच दिवसापासून व्याज. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे वर्षाला ४२-४५ टक्के हा दर आता तसाच चालणार.

तर फ्रिज-फोन आहे त्या कार्डावर घे, नवं कार्ड लोनचे पैसे बिल्डरला पोचल्यावर, तेही एकच. सँक्शन लेटर आलं म्हणून घाई करू नकोस, पैसे सोडायच्या आधी बँक पुन्हा रिपोर्ट काढू शकते. मॉलमधल्या स्टॉलवरचा मुलगा "फक्त एलिजिबिलिटी बघतो मॅडम" म्हणून ओटीपी मागेल, देऊ नकोस, बऱ्याचदा तो अर्जच असतो. आणि जुनं कार्ड बंद करू नकोस हं, तुझा सगळा इतिहास त्याच्यावर आहे.

प्रश्न : वडील निवृत्त आहेत, कराडला असतात. न मागता त्यांच्या नावाचं क्रेडिट कार्ड कुरियरने आलंय आणि आता रोज फोन येतो की ओटीपी सांगा, कार्ड चालू करतो. कार्ड कापून टाकलं तर चालेल का?

उत्तर : नुसतं कापून उपयोग नाही, खातं राहतंच. न मागता कार्ड पाठवायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. ओटीपी अजिबात देऊ नका, फोन बँकेचाच आहे याची तरी काय खात्री. नियम असा की ३० दिवसांत कार्ड चालू केलं नाही तर बँकेने ओटीपीवर संमती मागायची आणि ती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत फुकट बंद करायचं. तरी तुम्ही वाट बघू नका, आजच बँकेला ईमेल टाका की मागितलं नव्हतं, बंद करा. संमतीशिवाय कार्ड चालू करून बिल लावलंच तर ते मागे घेऊन वर त्याच्या दुप्पट दंड बँकेने द्यायचा असतो. महिनाभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. आणि वडिलांचा रिपोर्ट काढून बघा, सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ठिकाणी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, कुणीतरी त्यांच्या नावाने अर्ज भरला असेल तर ती ओळ तिथे सापडेल, तारखेसकट.