अभिमान आणि परत आलेला लॉट

प्रश्न : भोसरीत माझे लहान वर्कशॉप आहे. बोअरचे (यंत्रभागातील गोल छिद्राचे) माप मोठे जात असल्याचे जुन्या ऑपरेटरने सांगितले, तेव्हा "मला शिकवू नका" म्हणून मी त्यांना सर्वांसमोर गप्प केले. पुढे पूर्ण लॉट रिजेक्ट होऊन परत आला. स्वतःच्या हिमतीवर उभारलेल्या धंद्याचा अभिमान ख्रिस्ती माणसाने बाळगूच नये काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चांगल्या कामाचा आनंद वर्ज्य नाही. पण बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर राजवाड्यावर फिरताना, ही थोर बाबेल मीच माझ्या बळाने उभारली, असे म्हणतो आणि ते शब्द तोंडात असतानाच त्याचे राज्य जाते. त्याच्या वाक्यात विटा वाहणारे कुठेच नाहीत. तुमच्या 'स्वतःच्या हिमतीवर' या शब्दांतही ते ऑपरेटर नाहीत.

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय तर थेट व्यापाऱ्यांशीच बोलतो. अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, नफा मिळवू, असे म्हणणाऱ्यांना तो उद्याचे तुम्हांला ठाऊक नाही याची आठवण देतो. योजना आखू नका असे न म्हणता (कोटेशन तर द्यावेच लागते) 'प्रभूची इच्छा असल्यास' एवढे जोडायला सांगतो.

धंद्यात गर्वाचा खरा तोटा असा, की खबर येणे थांबते. अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी माप चुकताना पाहूनही मान वर करत नाही. म्हणून त्यांची माफी केबिनमध्ये बोलावून नव्हे, तर त्याच मशीनपाशी, सर्वांच्या देखत मागा. आणि लॉटचा तोटा त्यांच्या पगारातून वळता करण्याचे मनात असेल, तर तो विचार आजच सोडा.