अमेरिकन यादवीतली घरगुती पत्रं वाचायला घेताय? मग हे बघा

सुरुवात व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या 'व्हॅली ऑफ द शॅडो' या ऑनलाइन संग्रहापासून करा, फुकट आहे, आणि त्यात उत्तरेकडची एक काउंटी (म्हणजे जिल्हा) अन् दक्षिणेकडची एक, अशी लढणाऱ्या दोन्ही बाजूंची पत्रं मिळतात. पण एक लक्षात ठेवा, सैनिकांनी घरी पाठवलेली पत्रं भरपूर टिकली, घरून त्यांना गेलेली मात्र फार कमी, कारण पावसाचिखलात, कूच करताना ती कुठं सांभाळणार, कितीजण तर लढाईआधी स्वतःच जाळून टाकायचे. म्हणजे बायकोचं म्हणणं तुम्हाला नवऱ्याच्या उत्तरातूनच हुडकावं लागतं, आणि खरं सांगते, मला तेच सगळ्यात जास्त आवडतं! तो पिकाबद्दल, उधारीबद्दल काय सांगतोय ते नीट बघा, तिनं काय विचारलं असेल ते आपोआप कळतं. स्पेलिंग उच्चाराप्रमाणे असतं, तेव्हा मोठ्यानं वाचा. कागद वाचवायला पान आडवं फिरवून आधीच्या ओळींवरच लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, झूम करून एकाच दिशेच्या ओळी धरा. आणि तारीख आधी बघा हो, जुलै 1863 चं पत्र असेल तर गेटिसबर्ग, विक्सबर्ग या तेव्हाच्या मोठ्या लढाया डोक्यात ठेवूनच वाचा.