कांद्याच्या पट्टीमागे मांडलेलं १६ लाखांचं कर्ज

जुलै लागला की नाशिकच्या गंगापूर रोडवर, प्रवेशाबद्दल सल्ला द्यायच्या माझ्या छोट्याशा खोलीत, एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. "मॅडम, कर्ज काढून खासगी विद्यापीठात घालावं का?" विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. आई गप्प असते आणि मूल मोबाइलमध्ये बघत असतं. मागच्या वर्षी आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कुटुंब निफाडकडचं. कांदा आणि थोडी द्राक्षबाग. मुलीला इंजिनिअरिंगच्या सीईटीला ८४ पर्सेंटाइल. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत तिला नाशिकच्या एका कॉलेजात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळालं होतं. तिला हवं होतं कॉम्प्युटर, आणि पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ कॉम्प्युटर द्यायला तयार होतं. २५ हजार भरून तिथली जागा अडवून ठेवली होती. बाकीचे पैसे दहा दिवसांत भरायचे होते.

वडील म्हणाले, "पोरीच्या मनासारखं करायचंय. बँक कर्ज देतीय. आणि नोकरी लागेस्तोवर एक रुपया भरायचा नाही म्हणे."

हे शेवटचं वाक्य मी दर हंगामात ऐकते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता मागत नाहीत, हे खरं. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढायला लागतं. तेवढा काळ ते सरळव्याजाने मोजतात आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळवतात. तिथून पुढे व्याजावरही व्याज.

तोंडी सांगून हे कुणाला पटत नाही. मी कागद शोधत होते, तेवढ्यात वडिलांनी खिशातून घडी घातलेली पट्टी काढून दिली. लासलगावला कांदा विकल्याची. वर भाव, खाली हमाली, तोलाई, आणि शेवटी हातात पडलेली रक्कम. तिची मागची बाजू कोरी होती.

माहितीपत्रकात फी होती वर्षाला २ लाख ९० हजार. हॉस्टेल आणि मेस धरून ४ लाख. दरवर्षीची वाढ मी मुद्दाम धरली नाही, नाहीतर वडील उठूनच गेले असते. चार वर्षांचे १६ लाख, दरवर्षी ४ लाख उचललेले, व्याज १० टक्के. पहिल्या ४ लाखांना पाच वर्षं व्याज लागतं, ते २ लाख. दुसऱ्या वर्षीच्या उचलीचं १ लाख ६० हजार, तिसरीचं १ लाख २० हजार, चौथीचं ८० हजार. बेरीज ५ लाख ६० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशीच कर्ज २१ लाख ६० हजारांवर गेलेलं. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण २८,५००, आणि दहा वर्षांत एकूण ३४ लाखांच्या वर. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता २३ हजारांवर येतो, पण एकूण भरणा ४१ लाखांच्या पलीकडे जातो.

वडिलांनी पट्टी उलटी केली, सुलटी केली. म्हणाले, "आमच्या पट्टीत कापत जातात. ह्याच्यात चढवत जातात."

यापेक्षा नेमकं मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही.

मग पगाराकडे वळलो. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर 'सर्वोच्च पॅकेज' मोठ्या अक्षरात होतं. हा आकडा एका मुलाचा असतो. मी घरच्यांना नेहमी दुसरा आकडा शोधायला सांगते. ज्या संस्था एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेतात त्यांना किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मधला पगार किती, हे कळवावं लागतं. ती माहिती संस्थेच्या वेबसाइटवर असते. मधला पगार म्हणजे नोकरी लागलेल्या मुलांना पगारानुसार रांगेत उभं केलं तर मध्यावरच्या मुलाचा. समजा तो साडेचार लाख निघाला, तर हातात महिन्याला ३५ हजारांच्या आसपास येणार. त्यातून २८,५०० गेले की पुण्यात खोलीचं भाडं तरी निघेल का?

खासगी विद्यापीठांवर माझा राग नाही. चांगल्या संस्थेसाठी कर्ज काढा, असंही मी काहींना सांगितलं आहे. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत संस्था असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंत, व्याजात ३ टक्के सवलतही आहे. पण मॅनेजमेंट कोट्यातल्या मुलांना ती योजना नाही. आणि यादीबाहेरच्या संस्थेसाठी साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं असेल तर बँक बहुधा तारण मागते. शेतजमीन सहसा चालत नाही. घर, प्लॉट, एफडी लागते. शिवाय वडील सहकर्जदार असतात. सोसायटीचं पीककर्ज माफीची वाट बघत थकवलं असेल तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, तिथेच आडवं येतं, आणि उद्या मुलीचा हप्ता चुकला तर तोही वडिलांच्या नावावर दिसतो.

इतका वेळ गप्प असलेल्या आईने विचारलं, "मुलींची फी माफ झालीय ना? टीव्हीवर सांगत होते."

या घरात तो विषय आधी निघाला कसा नाही, हे मला कळेना. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे कुटुंब ओबीसी. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा, आणि स्वयंअर्थसहाय्यित व खासगी अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे पुण्याला गेली तर सगळी फी घरच्यांच्या माथी, आणि नाशिकच्या कॉलेजात शिक्षण शुल्क शून्य. इतर शुल्क, पुस्तकं, राहणं-खाणं तेवढं बघायचं.

वडिलांचा चेहरा सैल झाला. त्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता. पुढे म्हणालेही, "आमचे भाऊ म्हणतच होते, उद्या लग्न झाल्यावर हप्ता कोण भरणार? सासरचे?" मुलीने मान खाली घातली. हा प्रश्न मुलाच्या बापाला कुणी विचारलेला मी ऐकलेला नाही.

मी आई-वडिलांना पंधरा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं.

मुलीने आधी कॉम्प्युटर आणि ई अँड टीसी यांतला फरक समजावून दिला, पाठ केल्यासारखा. मग म्हणाली, "मला घरून जाऊन-येऊन कॉलेज नाही करायचं, मॅडम. पप्पा म्हणणार एसटीने ये-जा कर, बायकांना अर्धं तिकीट आहे. घरी आल्यावर मग सगळ्यांच्या भाकरी मीच टाकायच्या."

हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. १६ लाखांच्या कर्जातला बराचसा भाग कॉम्प्युटरसाठी नव्हताच, तो घराबाहेर पडण्यासाठी होता. मी सांगितलं, "मग ते माग. सरळ माग. त्यासाठी पुण्याची गरज नाही."

वडील पुन्हा आत आले तेव्हा बोलणी फीची उरली नव्हती, नाशिकमधल्या हॉस्टेलची झाली. ते सहज कबूल झाले नाहीत. "चाळीस किलोमीटरवर घर असताना हॉस्टेल कशाला?" शेवटी आईने पट्टी टेबलावरून उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. "चौतीस लाख भरायला निघाला होता ना?"

दुसऱ्या फेरीतही ई अँड टीसीच मिळालं. अडवलेल्या जागेचे २५ हजार बऱ्याच फोनाफोनीनंतर, काही कापून, परत आले.

दिवाळीनंतर मुलगी एकटी भेटायला आली. हॉस्टेलच्या मेसमधली आमटी पाणचट आहे, मेकॅनिक्स डोक्यावरून जातं, आणि कॉम्प्युटर मिळालं असतं तर बरं झालं असतं, हे तिने तिन्ही एकाच दमात सांगितलं. मी म्हटलं, जादा क्रेडिट घेऊन कॉम्प्युटरमध्ये मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, करता येतं का, ते कॉलेजात विचार. तिने वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं आणि सहाच्या आत हॉस्टेलवर पोचायचं म्हणून घाईघाईने निघाली.