प्रौढांचा ऑनलाइन धर्मशिक्षण वर्ग घेणाऱ्या तरुण सहकाऱ्यास

सप्रेम नमस्कार,

तुझे पत्र दोनदा वाचले. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या प्रौढांच्या ऑनलाइन वर्गाची जबाबदारी अंगावर पडल्यापासून स्लाइड बनवण्यात तुझ्या रात्री जातात, बहुतेकांचे कॅमेरे बंद असतात आणि ‘कुणाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारल्यावर जी शांतता पसरते ती तुला खायला उठते, असे तू लिहिले आहेस. ही तक्रार इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. इ. स. 400 च्या सुमारास कार्थेजच्या देओग्राशियस नावाच्या डीकनने (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाने) हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांना जवळजवळ हेच कळवले होते: नवागतांना श्रद्धेची ओळख करून देताना आपले बोलणे लांबत जाते आणि ते आपल्यालाच नीरस वाटू लागते. ऑगस्टीन यांनी उत्तरादाखल एक आख्खी पुस्तिका लिहिली आणि तिच्या आरंभीच कबूल केले की स्वतःचे बोलणे त्यांनाही जवळजवळ नेहमीच असमाधानकारक वाटते. त्या काळी त्यांच्याकडे श्रोते उभे राहून ऐकत. ऐकणारा जांभया देऊ लागला तर तो थकला असेल हे ओळखून त्याला बसायला आसन द्या, असे ते सांगतात. एवढ्या थोर धर्मपंडिताने श्रोत्याच्या दुखणाऱ्या पायांचा विचार करावा, हे मला त्या पुस्तिकेतल्या साऱ्या तत्त्वचर्चेहून मोठे वाटते. तुझ्या वर्गातली माणसे दिवसभराच्या कामानंतर, कुणी आजारी आईच्या उशाशी बसून, कुणी तान्ह्या मुलाला थोपटत ऐकत असतील. तेव्हा कॅमेरा बंद आहे म्हणजे मनही बंद आहे, असे धरून चालू नकोस.

ऑगस्टीन यांचा दुसरा सल्ला असा की माणूस कशासाठी आला आहे, हे आधी जाणून घ्यावे. तो मला वाचून नव्हे, स्वतः चूक करून समजला. काही वर्षांपूर्वी मी पवित्र त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव या शिकवणीवर, एक वर्ग घेतला होता. मांडणी नेटकी होती आणि मी त्यावर मनातून खूशही होतो. वर्ग संपायला दोन मिनिटे उरली असताना बंद कॅमेऱ्याच्या एका चौकोनातून आवाज आला, “स्नानसंस्काराआधीच, म्हणजे बाप्तिस्म्याआधीच, गेलेल्या बाळाचे काय होते?” मी घड्याळाकडे पाहिले आणि ‘हा विषय पुढे येणारच आहे, तेव्हा सविस्तर घेऊ’ असे म्हणून समारोपाची प्रार्थना सुरू केली. ते गृहस्थ पुन्हा वर्गात आले नाहीत. कॅटेकिझमच्या, म्हणजे कॅथलिक शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथाच्या, 1261 व्या परिच्छेदात त्या प्रश्नाला उत्तर आहे: अशा बालकांना ख्रिस्तसभा (चर्च) देवाच्या दयेवर सोपवते, आणि त्यांच्यासाठी तारणाचा मार्ग आहे अशी आशा आपल्याला बाळगता येते. हे वाचून दाखवायला एक मिनिट पुरले असते. त्या दिवशी मला विषय पुरा करायचा होता. त्या माणसाला मात्र एका बाळाविषयी विचारायचे होते.

म्हणून माझा तुला एकच आग्रह आहे: प्रौढांचा वर्ग त्यांच्या प्रश्नापासून सुरू कर. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 साली धर्मशिक्षणाविषयीच्या आपल्या पत्रात प्रौढांचे शिक्षण हे धर्मशिक्षणाचे प्रमुख रूप आहे असे म्हटले, कारण जबाबदाऱ्या सर्वांत मोठ्या त्यांच्याच असतात आणि ख्रिस्ताचा संदेश पूर्णत्वाने जगण्याची क्षमताही त्यांच्यापाशीच असते. आपण मात्र बहुधा मुलांचाच अभ्यासक्रम थोडा जड करून त्यांच्यापुढे ठेवतो. लग्न, नोकरीतले खोटेपण, तुटलेले नाते, मृत्यू यांतून जो गेला आहे, त्याच्यापाशी प्रश्न आधीच तयार असतो. चारचौघांत, त्यातही पडद्यावर, तो बोलून दाखवायला त्याला वेळ लागतो, एवढेच. म्हणून वर्गाआधी प्रत्येकाशी फोनवर दहा मिनिटे बोलून घे आणि गट बाराच्या पुढे जाऊ देऊ नकोस. कुणी स्वतःविषयी बोलू लागले की रेकॉर्डिंग थांबव आणि थांबवल्याचे सांगही. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश वीस अंक मोज. बहुतेक वेळा पंधराच्या आसपास कुणीतरी बोलते.

प्रश्नापासून सुरुवात करायची म्हणजे उत्तरे मनची द्यायची, असा अर्थ मात्र काढू नकोस. 1992 साली प्रसिद्ध झालेला कॅटेकिझम 2865 परिच्छेदांचा आहे आणि विश्वासांगीकार, संस्कार, ख्रिस्ती जीवन व प्रार्थना असे त्याचे चार भाग आहेत. तो ओळीने शिकवू नकोस, पण सतत हाताशी ठेव. घाईच्या वेळी त्याचाच 2005 सालचा 598 प्रश्नोत्तरांचा संक्षेप अधिक सोयीचा पडतो. जे ठाऊक नाही ते ‘शोधून सांगतो’ असे मोकळेपणाने म्हण आणि पुढच्या वर्गाची सुरुवात त्याच उत्तराने कर. पडद्यावर मोठ्या आवाजात बोलणाऱ्या स्वयंघोषित अधिकाऱ्यांची वाण नाही, त्यामुळे कुणीतरी दर्शनांचा आणि भाकितांचा एखादा व्हिडिओ गटात टाकणारच. त्याला हसू नकोस. कॅटेकिझमचा 67 वा परिच्छेद सर्वांसोबत वाच: खासगी प्रकटीकरणे, म्हणजे एखाद्या व्यक्तीला झालेली दर्शने वा मिळालेले संदेश, ख्रिस्तसभेने काहींना मान्यता दिली असली तरी, श्रद्धेच्या ठेव्याचा भाग नसतात. एवढ्याने वाद बहुधा शमतो, आणि टाकणाऱ्याची मानहानीही होत नाही.

तू पत्रात शेवटी, जरा घाईघाईने, आणखी एक गोष्ट लिहिली आहेस: काहींना हा वर्ग इतका भावला आहे की ‘आता चर्चला गेले नाही तरी चालेल’ असे ते म्हणतात. माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातला सर्वांत गंभीर मजकूर हाच आहे. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क समितीने 2002 मध्येच स्पष्ट केले होते की इंटरनेटवर संस्कार नसतात. लूककृत शुभवर्तमानातले ते दोन शिष्य एम्माऊसच्या वाटेवर चालत असताना येशूने आधी त्यांनाच विचारले की तुमचे काय बोलणे चालले आहे, त्यांची सारी निराशा ऐकून घेतली आणि मग शास्त्रलेख उलगडून सांगितले. त्यांची अंतःकरणे वाटेतच पेटली होती, तरी तो येशू आहे अशी ओळख पटली ती भाकर मोडताना. तुझा वर्ग ही वाट आहे आणि ती तू मनापासून चालवतोच आहेस. पण दर महिन्यातून एकदा तरी या मंडळींनी चर्चमधल्या एकाच मिस्साला (पवित्र भाकरीच्या उपासनेला) एकत्र यावे; जे दूर राहतात त्यांनी आपापल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या समुदायात, जावे आणि तिथल्या एका तरी माणसाला नावाने ओळखावे, असे बघ. स्नानसंस्काराची इच्छा बोलून दाखवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात त्याच्या धर्मगुरूंकडे पाठव. प्रौढांच्या दीक्षेची वाट धर्मग्रामातूनच जाते आणि ती सर्वसाधारणपणे पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्रीच्या जागरणविधीला पुरी होते.

पुढच्या वर्गाच्या स्लाइड तपासून द्याव्यात, अशी तू विनंती केली आहेस. त्या पाठवू नकोस. वर्गातल्या माणसांची यादी कर, प्रत्येकापुढे त्याला काय विचारायचे आहे ते एका ओळीत लिही आणि ज्यांच्या ओळी कोऱ्या राहतील त्यांना या आठवड्यात फोन कर. नावे तुझ्यापाशीच ठेव, मला फक्त प्रश्न पाठव. आपण दोघे मिळून त्यांवर बसू.

तुझा,
एक जुना धर्मशिक्षक