नकाशा द्यायचा तर मोजता येईल असा

पाणलोट आणि नकाशांविषयी गोव्यातल्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांतले चार या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (सत्तरी): गावातल्या झरींची नोंद आम्ही काही जणांनी आपापल्या मोबाईलवर केली. सगळी यादी नकाशावर टाकली तर बऱ्याच झरी थोड्या सरकलेल्या दिसतात आणि दोन भलत्याच तालुक्यात. मोबाईल बिघडले का?

मोबाईल ठीक असावेत, घोळ लिहिण्यात आहे. आधी भलतीकडे गेलेल्या दोन नोंदी काढा. कुणीतरी १५ अंश ३२ मिनिटे हे १५.३२ असे लिहिले असणार. दशांशात ते १५.५३३ होते. एवढ्यानेच झर सुमारे २४ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडते.

थोड्या सरकलेल्या झरींचे कारण बहुधा वेगळे आहे. तुमचा मूळ नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून (छापील भूनकाशावरून) घेतलेला असेल, तर त्याची मोजणी एव्हरेस्ट या जुन्या आधारावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, झालेली असते. मोबाईल डब्ल्यूजीएस-८४ हा नवा आधार वापरतो. आपल्या भागात या दोहोंत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. जुना आधार कोणता हे सॉफ्टवेअरला सांगितले की सगळे जागेवर येते. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसे आहे. बाकी दाट रानात मोबाईल थोडाफार चुकणारच, तेवढे सोडून द्या.

यादीत नोंदीची तारीख आणि नोंद करणाऱ्याचे नाव हवेच. आणखी एक रकाना वाढवा: मे महिन्यात पाणी असते का? माझ्या लेखी त्याचे मोल अक्षांश-रेखांशाहून कमी नाही.

प्रश्न (तिसवाडी): खाजनाचा (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा) बांध फुटून शेतात खारे पाणी शिरते. कार्यालयातून नकाशाची पीडीएफ मिळाली. त्यावरून, किंवा उपग्रहाच्या उंचीच्या माहितीवरून, पाणी कुठवर येईल ते काढता येईल का?

पीडीएफवरून नाही. ती भिंतीला लावायला बरी. माहिती दिली म्हणायची सोय होते आणि मोजायला काही हाती लागत नाही. पुन्हा अर्ज करा आणि मूळ फाइल मागा. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार माहिती संगणकात असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते, आणि कलम ७(९) सांगते की ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात ती सहसा द्यावी. शेपफाइल (नकाशाची मोजता येणारी फाइल) मिळणार असेल तर चारही भाग आले का ते तिथेच पाहून घ्या: एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे. पीआरजे नेमकी द्यायची राहून जाते, आणि मोजणीचा आधार लिहिलेला असतो तो तिच्यातच.

उंचीचे म्हणाल तर, फुकट मिळणारी उपग्रहाची उंची ३० मीटरच्या चौकटीत असते आणि तिच्यात काही मीटरांची चूक सहज निघते. झाडांचे शेंडेही जमीन म्हणून मोजले जातात. डोंगराळ सत्तरीत हे चालून जाते. खाजनात नाही. तिथे जमीन भरतीच्या पाण्याहून खाली, भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरांच्या आसपास, आणि शेत वाचणार की बुडणार हे वीतभर उंचीवर ठरते. अशा जागी रंगीत पूरनकाशा पुढे करणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

त्यापेक्षा मानशींची (बांधातून पाणी सोडायच्या-अडवायच्या मोऱ्यांची) यादी करा. प्रत्येक मानशीला दारे किती, त्यांतली कुजलेली किती, ओहोटीला ती आपसूक उघडतात का, उंबरठा बांधाच्या माथ्यापासून किती खाली, देखभाल कोण करतो. बांध मागे कुठे फुटला होता ते म्हाताऱ्या कुळांना विचारून त्या जागेवर खूण करा. बांधाच्या माथ्याची उंची मात्र लेव्हल (उंची मोजायचे यंत्र) लावून मोजून घ्या. एका खाजनाला हे काम फार मोठे नाही. पलीकडच्या गावाचे खाजन त्याच खाडीवर असेल तर दोन्ही याद्यांचे रकाने सारखे ठेवा, नाहीतर जोडताना डोके फुटेल.

प्रश्न (पेडणे): शापोरा नदीचे वरचे पाणलोट महाराष्ट्रात. तिकडची माहिती मागायची कुणाकडे? आणि असा नकाशा करायला परवानगी लागते का?

परवानगीचे आधी. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय नागरिकांना नकाशे करायला पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील म्हणून ठरवलेल्या थोड्या बाबी दाखवायच्या नाहीत, एवढेच.

पाणलोटाची सीमारेषा कुणाकडे मागायची गरज नाही. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून कार्टोडेम ही जमिनीच्या उंचीची माहिती उतरवून ती घरी काढता येते, आणि दोडामार्गातले रान किती उरले ते सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या चित्रांत दिसते. म्हादईचेही तसेच, तिचा उगम कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात असला तरी. मागावी लागते ती पाण्याची माहिती: वरच्या तिळारी धरणातून कधी किती सोडले, नदीची पातळी किती. तिळारी हा दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे, म्हणून पहिला अर्ज आपल्याच जलस्रोत खात्यात टाका. रोजचे आकडे मागा. महिन्याच्या सरासरीत पूर दिसत नाही.

प्रश्न (काणकोण): झरींचा नकाशा सर्वांसाठी खुला करावा असे काही तरुण म्हणतात. वडीलधाऱ्यांना ते पसंत नाही.

मी वडीलधाऱ्यांच्या बाजूने आहे. नेमकी जागा उघड झाली की टँकरवाल्यालाही ती कळते, आणि देवराईतली औषधी झाडे ओरबाडणाऱ्यालाही. खुल्या नकाशावर एक किलोमीटरचे चौकोन आखा आणि चौकोनात झरी किती एवढेच दाखवा. नेमके बिंदू पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे राहू देत. अभ्यासकाने मागितले तर लेखी घेऊन द्या, निष्कर्ष ग्रामसभेत सांगायच्या अटीवर. खाजगी कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) झरीसाठी मालकाला आधी विचारा. तो नाही म्हणाला तर ती झर समितीच्या यादीतही घालू नका.