ढोरांचा आकडा आणि ढेपेचे गिऱ्हाईक

दारव्हा, जि. यवतमाळ

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तान्ह्या पोळ्याच्या दिवशी हाती पडले. पशुखाद्याचा छोटा कारखाना काढण्याचा विचार आहे, त्यासाठी चौदा गावे निवडली आहेत, आणि गावोगाव फिरण्यापूर्वी छापील आकडे कुठे मिळतील व त्यांवर किती भरवसा ठेवावा, असे तू विचारले आहेस. हा क्रम बरोबर लावलास. आपल्याकडे बहुतेक जण आधी यंत्र आणतात, मग कर्जाचा हप्ता सुरू होतो आणि त्यानंतर गिऱ्हाईक शोधायला निघतात. दुसऱ्याने जमवलेल्या माहितीला बाजार संशोधनात दुय्यम माहिती म्हणतात, पण ती कमी प्रतीची असते असा त्याचा अर्थ नाही. ती दुसऱ्याने दुसऱ्याच कामासाठी गोळा केलेली असते, आणि तुझी खरी मेहनत लागणार आहे ती हे दुसरे काम कोणते होते, ते ओळखण्यात.

तुझा हिशेब मी दोनदा वाचला. विसाव्या पशुगणनेतून, म्हणजे २०१९ च्या, तू चौदा गावांतील गाई-म्हशींची बेरीज केलीस, प्रत्येक जनावराला रोज दोन किलो खुराक धरलास आणि आलेल्या गुणाकाराला 'मागणी' असे नाव दिलेस. गुणाकारात चूक नाही. चूक अशी आहे की पशुगणनेने ढोरे मोजली होती, ढेपेची (तेल काढून उरलेल्या पेंडीची) गिऱ्हाइके मोजली नव्हती. सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, गोळा होऊन गायकीमागे (गुराख्यामागे) जंगलात चरायला जाणारी गावरान गाय त्या बेरजेत आहे; तिला घरी आल्यावर तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) मिळते, आणि तिच्या मालकाने खाद्याचे पोते विकत घेतल्याचे मी तीस वर्षांच्या दुकानदारीत क्वचितच पाहिले. तक्ता पुन्हा उघड आणि देशी व संकरित, दुभती व भाकड, हे रकाने वेगळे वाच. दिवसाला आठ लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला शरीरपोषणासाठी सुमारे दीड किलो आणि त्यावर लिटरमागे ४०० ग्रॅम, असे धरले तर पावणेपाच किलोच्या आसपास खुराक लागतो. म्हशीला लिटरमागे अर्धा किलो धरतात. उलट वासराला पाजून उरलेले दोन लिटर देणाऱ्या गाईपुढे मालक मूठभर सरकी टाकतो आणि विषय संपवतो. तुझी दोन किलोंची सरासरी या दोघींपैकी एकीच्याही दावणीला लागू पडत नाही. (बैलांना तू सरसकट वगळलेस, तेही पूर्ण बरोबर नाही. वखरणी-डवरणीच्या दिवसांत बैलांना ढेप चारणारे शेतकरी अजून आहेत; पण ती मागणी हंगामी असते आणि पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या दरवर्षी कमी होताना मला दिसतात.)

त्यातच आकड्याचे वय. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातील विदेशी व संकरित गोवंश सुमारे २७ टक्क्यांनी वाढला आणि देशी गोवंश ६ टक्क्यांनी घटला. म्हणजे एकाच तक्त्यातील दोन रकाने वेगवेगळ्या वेगाने, आणि तेही विरुद्ध दिशांना, जुने होतात. म्हणून जुन्या बेरजेत सरसकट अमुक टक्के मिळवून ती आजची म्हणून वापरू नकोस. एकविसाव्या पशुगणनेचे काम ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. तिचे गावनिहाय आकडे हाती येतील तेव्हा तुझा तक्ता नव्याने भर, तोपर्यंत प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे वर्ष लिहून ठेव.

गावांच्या माहितीसाठी जिल्हा जनगणना पुस्तिका घे. २०११ ची पुस्तिका जनगणनेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि तिच्यातील गावनिर्देशिकेत शाळा, रस्ता, बँक, आठवडी बाजार यांची गाववार नोंद असते. सोय गावात नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की त्याहून दूर, हे इंग्रजी अक्षरांच्या खुणांनी दिलेले असते. पोत्यामागे वाहतुकीचे किती पैसे पडतील याचा पहिला अंदाज तेवढ्यावरून करता येतो. मात्र २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, तेव्हा लोकसंख्येचे रकाने जपून वापर. शिवाय तुझ्या चौदा गावांपैकी दोन मला रिठी वाटतात. महसुली यादीत नाव आहे, शेतशिवार आहे, पण तिथे एकही चूल पेटत नाही. पुस्तिकेत अशा गावापुढे ते निर्जन असल्याची नोंद असते. तू बहुधा फक्त नावांची यादी उतरवून घेतलीस.

आता माझीच एक फजिती सांगतो. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, हे मला ठाऊक होते. तिथे माझे सोयरे राहतात. तरीही २००१ च्या जनगणनेचे आकडे आले तेव्हा एका वितरकासाठी टिपण करताना मी १९९१ चा जुना खंड शेजारी ठेवला, अकोल्याची लोकसंख्या २२ लाखांवरून १६ लाखांवर उतरलेली पाहिली, आणि 'या जिल्ह्यातून मोठे स्थलांतर झालेले दिसते' असे गंभीरपणे लिहून दिले. वितरकाने ते दुकानातल्या गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवले. भंडाऱ्याची जुनी आकडेवारी घेशील तर तिच्यात गोंदिया आहे हे लक्षात ठेव, कारण तो १९९९ मध्ये वेगळा झाला. तीच गोष्ट चंद्रपूर आणि १९८२ च्या गडचिरोलीची.

जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' तू पाहिलेस आणि त्यातील पशुधनाचा आकडा पशुगणनेशी तंतोतंत जुळला म्हणून तुला हायसे वाटले, असे लिहिलेस. त्या तक्त्याखालची 'आधार' ही बारीक ओळ वाच. तो आकडा पशुगणनेतूनच उचललेला आहे, म्हणजे एकच साक्षीदार दोनदा बोलला आहे. पडताळणी करायची तर वेगळ्या हाताने, वेगळ्या कारणासाठी झालेली मोजणी हवी. पशुवैद्यकीय दवाखान्यातील कृत्रिम रेतनाची आणि लसीकरणाची नोंदवही तशी आहे.

कच्च्या मालाचे म्हणशील तर कापूस, मका, सोयाबीन यांची आवक व दर ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभावाच्या संकेतस्थळावर आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. पहिल्या ठिकाणी आवक टनांत असते, दुसऱ्या ठिकाणी क्विंटलमध्ये, आणि दोन्हींची सरळ तुलना करणारा माणूस दहा पटींनी फसतो. 'सर्वसाधारण दर' म्हणजे किमान आणि कमाल यांचा मध्य नव्हे. त्या दिवशी बहुतांश माल ज्या भावाने गेला, तो भाव. आणि आवक म्हणजे उत्पादन नव्हे. मानोऱ्याचा शेतकरी कारंजाला माल नेतो, दिग्रसचा दारव्ह्याला आणतो, आणि खेडा खरेदीत घरूनच उचललेला माल त्या तक्त्यात येतच नाही. सरकी ढेपेसाठी अकोल्याकडे नजर ठेव. एनसीडीईएक्स या वायदेबाजारात ढेपेचा जो करार चालतो, त्याचे मूळ केंद्र अकोला आहे. तूर चुनीचा (डाळ भरडताना निघणाऱ्या चुऱ्याचा) भाव मात्र कोणी छापत नाही, तो डाळ मिलवाल्यालाच विचारावा लागेल.

कुटुंबाच्या मासिक खर्चाच्या सर्वेक्षणाचा (२०२२-२३ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात माणशी ३,७७३ रुपये) तू जो परिच्छेद घातला आहेस तो काढून टाक. तो आकडा नमुन्यावरून काढलेला आणि साऱ्या देशाचा आहे. चौदा गावांबद्दल तो काहीच सांगत नाही. बँकेच्या साहेबाला आवडेल म्हणून ठेवायचा असेल तर ठेव.

सर्वांत मोलाची दुय्यम माहिती तुझ्या यादीत नाहीच. दूध संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ एक वही भरली जाते: खाते क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) आणि दहा दिवसांच्या हिशेबात वजावट. मागे एका केंद्रावर रिकाम्या कॅनवर बसून मी तशी वही चाळली होती. खाती साठच्या वर होती, पण मे महिन्याच्या पानांवर एकोणीसच नावे रोज दिसत होती, आणि त्या एकोणिसांपैकी बहुतेकांच्या वजावटीच्या रकान्यात 'खाद्य' असे लिहिलेले होते. केंद्रच त्यांना पोते उधारीवर देते आणि दुधाच्या पैशांतून कापून घेते. तुझी स्पर्धा कोणाशी आहे, हे पशुगणनेच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. तुझे पोते पन्नास रुपयांनी स्वस्त असले तरी ते रोखीचे असेल, आणि रोख रक्कम त्या एकोणीस घरांत दिवाळीआधी नसते.

तेव्हा चौदा गावांतील केंद्रचालकांना भेट, हिशेब चुकता होतो त्या दिवशी मात्र जाऊ नकोस. खातेदारांची नावे उतरवू नकोस; किती खाती, महिनानिहाय किती लिटर आणि किती वजावट, एवढेच विचार. ते मिळाले की पशुगणनेतील दुभत्या संकरित गाई व म्हशींच्या संख्येशेजारी ठेवून मला पाठव, दोन रिठी गावे वगळून. मंगळवारी मी दुकानातच असतो.

तुझा,
काका